एकतीस नंबरच्या पुड्या

आमच्या प्रयोगशाळेत लेबलांवरून सगळ्यात जास्त कटकट मी करते. बाटलीत काय आहे, कधी भरलं आणि कुणी भरलं, हे तिन्ही लिहिलेलं नसेल तर ती बाटली मी सरळ सिंकमध्ये रिकामी करते, मग आत अमृत का असेना. नवीन संशोधक पोरंपोरी मला पाठीमागे 'लेबलबाई' म्हणतात. मला ते माहीत आहे आणि त्याचा मला थोडा अभिमानच होता. एकवीस वर्षांत माझ्या हातून बाटली चुकली असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सर्दी-खोकल्याचा विषाणू श्वासातून आत शिरला की नाकातल्या पेशी हातावर हात ठेवून बसत नाहीत. स्वतःच्याच आवरणाचे इवलेसे गोळे करून त्या ते हजारोंनी बाहेर शेंबडात सोडतात. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम भाषणात त्यांना 'पेशीबाह्य पुटिका' म्हणतात, आम्ही 'पुड्या' म्हणतो. पेशीत शिरताना विषाणू जी कडी पकडतो, तीच कडी या पुड्यांवरही असते. तो फसतो, पुडीलाच पेशी समजून चिकटतो आणि शेंबडाबरोबर वाहून जातो. काही पुड्यांच्या आत शेजारच्या पेशींना सावध करणारा निरोपही असतो. नाक गार पडलं की पुड्या कमी सुटतात, म्हणून थंडीत माणसं जास्त शिंकत असावीत, असं मॅडमचं मत. काही माणसांच्या नाकातून पुड्या मुळातच जास्त सुटतात का, हे त्यांना बघायचं होतं. चाळीस जणांच्या नाकात काडी फिरवून पेशी घ्यायच्या, महिनाभर ताटलीत वाढवायच्या, त्यांना विषाणूचा मेलेला तुकडा दाखवायचा आणि किती पुड्या सुटल्या ते यंत्रावर मोजायचं. नावं मॅडमच्या कुलूपबंद खणात, आमच्याकडे फक्त नंबर.

एकतीस नंबर म्हणजे माझी ताई. तिच्या नाकात काडी मीच फिरवली होती, त्यामुळे माझ्यापुरतं ते कुलूप निरुपयोगी होतं.

ताई बसस्थानकावर घोषणा करायची. तीस वर्षं काचेच्या खोलीत बसून तिने गाड्या लावल्या आणि सोडल्या. गावातल्या निम्म्या लोकांना तिचा चेहरा ठाऊक नव्हता, पण आवाज सगळ्यांना ठाऊक होता. दुकानात तिने अर्धा किलो साखर मागितली तरी रांगेतली माणसं मान वळवून बघायची, कुठली गाडी लागली म्हणून. तिचा एक नियम होता. गाडी रद्द झाली की त्याच मिनिटाला सांगायचं. वरचे साहेब म्हणायचे, जरा थांबा, दुसरी सोय होते का बघू, लोक उगाच आरडाओरडा करतील. ताई थांबायची नाही. "ओरडतील आणि ओरडून घरी तरी जातील," ती म्हणायची. "न येणाऱ्या गाडीची वाट बघायला लावण्यासारखं वाईट काम नाही." या एका गोष्टीपायी तिची दोनदा बदली होता होता राहिली.

दोन हिवाळ्यांपूर्वी ती आजारी पडली. एकोणीस दिवस दवाखान्यात होती आणि घरी आली ती अर्ध्या श्वासाची होऊन. फुप्फुसांवर व्रण राहिले होते. गर्दी टाळा, थंड हवा टाळा, आणखी एक असा आजार तुम्हाला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं. ताईने काम सोडलं. घर स्थानकामागच्या गल्लीत, खिडकी उघडली की घोषणा ऐकू यायची. तिच्या जागी आलेली मुलगी गाडीचं नाव सांगून झाल्यावर फलाटाचा नंबर खाऊन टाकायची. ताई खिडकीशी बसून दिवसभर तिच्या चुका मोजायची आणि मी गेले की पाढा वाचायची. मी कधीच रिकाम्या हाताने जात नसे, निदान दोन संत्री तरी न्यायची, कारण रिकाम्या हाताने आलेली बहीण म्हणजे नुसती पाहुणी, असं तिचं म्हणणं. पण आपण काही घेऊन गेलो तरी ती खिडकीकडेच बघत असायची. मला तो पाढा ऐकवत नसे. आवाज हेच जिचं सगळं होतं, तिला दुसऱ्याचा आवाज ऐकत बसावं लागत होतं.

म्हणून गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी जेव्हा चाळीस ताटल्यांचे आकडे आले आणि एकतिसाव्या ताटलीचा आकडा बाकीच्यांच्या तिप्पट निघाला, तेव्हा माझ्या पोटात काही राहिलं नाही. मॅडम खुर्चीवरून उठल्याच. ही एकतीस कोण बाई आहे, हिचं नाक सोन्याने मढवलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या. नंबराचं नाव कुणाला सांगायचं नसतं, नंबरवाल्याला आकडा सांगायचा नसतो आणि एका आकड्यावर तर कशाचाच भरवसा ठेवायचा नसतो. हे सगळं नव्या मुलांना मीच शिकवते. त्याच संध्याकाळी संत्री घेऊन मी ताईकडे गेले आणि तिला सांगितलं.

तिला ते पटवून द्यायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. आपल्याला हवी असलेली गोष्ट पटायला वेळ लागत नाही. मग गेल्या वेळी एवढी आजारी कशी पडले, असं तिने एकदा विचारलं खरं. त्यावर मीच उत्तर दिलं की तेव्हा थंडी होती, नाक गार पडलं असेल, आता नाक गुंडाळून ठेवलं की झालं. लोकरीचा मफलर मीच नेऊन दिला. आठवड्याभरात ताई स्थानकाच्या साहेबांना भेटून आली आणि सकाळचे दोन तास काचेच्या खोलीत परत बसायला लागली. डॉक्टरांना तिने विचारलं नाही. मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते मला चांगलं माहीत आहे.

रोज सकाळी कामावर जाताना मी मुद्दाम स्थानकातून जायची. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला होता, वाक्याच्या मध्ये ती एकदा श्वास घ्यायची, पण फलाटाचा नंबर अगदी स्वच्छ यायचा. चालक-वाहक तिच्या खिडकीत डोकं घालून विचारपूस करायचे. त्यातले निम्मे खोकत असायचे. मला ते दिसायचं आणि मी मनाशी म्हणायची, खोकू देत, तिच्या पुड्या बघून घेतील.

महिन्याभराने मॅडमनी एकतीस नंबरचा प्रयोग पुन्हा करायला सांगितला. तसं करावंच लागतं, एकदा आलेला आकडा आकडा नसतो. गोठवून ठेवलेल्या पेशी काढल्या, वाढवल्या, मोजल्या. या वेळी एकतीस नंबर चाळिसात चाळिसावा आला. मॅडमनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुमची वही काढा. मागच्या वेळी काय वेगळं केलं होतं ते बघू."

मी वही काढली. त्या आठवड्यात कच्चं सीरम भरल्याची नोंद होती, ते फिरवल्याची नव्हती.

पेशींना वाढायला खाऊ लागतो. त्या खाऊत वासराच्या रक्ताचं सीरम असतं आणि सीरममध्ये वासराच्या स्वतःच्या पुड्या असतात. मोजणाऱ्या यंत्राला माणसाची पुडी आणि वासराची पुडी यातला फरक कळत नाही. म्हणून मोजणीच्या आधी सीरम मोठ्या यंत्रात अठरा तास गरगरा फिरवायचं, पुड्या तळाला बसतात, वरचं तेवढं काढून घ्यायचं. त्या बाटलीवर आम्ही 'रिकामं' लिहितो. म्हणजे पुड्यांपासून रिकामं. बाटली काठोकाठ भरलेली आणि लेबल म्हणतंय रिकामं, हे वर्षानुवर्षं चालू होतं आणि कुणाला त्यात काही खटकत नव्हतं.

त्या आठवड्यात बाटल्या धुणाऱ्या मावशी नव्या आल्या होत्या. मी खाली जाऊन त्यांना विचारलं, अशी काही बाटली आठवते का. त्यांना लगेच आठवलं. उलट त्या खूश झाल्या की कुणीतरी विचारलं. "अहो, भरलेल्या बाटलीवर रिकामं लिहिलेलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, कुणाची तरी चूक झालीय. तुम्ही लेबलांवरून किती चिडता ते पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. मी ते नीट सोडवलं आणि शेजारच्या धुतलेल्या बाटलीला लावलं. बरोबर केलं ना?"

मी त्यांना बरोबर केलं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पुढचं सगळं माझं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बिनलेबलाची भरलेली बाटली दिसली आणि मी माझ्या नियमाप्रमाणे ती पुटपुटत सिंकमध्ये ओतली. फिरवलेलं चांगलं सीरम तेच होतं. मग रॅकमधली धुतलेली बाटली घेऊन तिच्यात कच्चं सीरम भरलं, फिरवायला लावायचं म्हणून. लेबल पलीकडच्या बाजूला होतं, मी बाटली फिरवून बघितली नाही, कारण तेवढ्यात फोन वाजला. ताईचा होता. तिला दम लागला होता आणि वाफ घ्यायचं भांडं सापडत नव्हतं. बाटली फ्रिजमध्ये सरकवून मी तशीच तिच्याकडे पळाले आणि दोन दिवस तिथेच राहिले. परत आले तेव्हा फ्रिजमध्ये एक भरलेली बाटली होती, तिच्यावर माझ्याच अक्षरात 'रिकामं' लिहिलेलं होतं, आणि माझ्या अक्षरावर मी कधीच शंका घेत नाही. बाकीच्या ताटल्यांना आधीच्या बाटलीतलं पुरलं होतं, तुलनेसाठी ठेवलेल्या कोऱ्या ताटलीलासुद्धा. नव्या बाटलीतलं फक्त शेवटच्या राहिलेल्या ताटलीला गेलं, आणि ती एकतिसावी होती.

म्हणजे ती तिप्पट पुड्यांची फौज एका वासराची होती. ताईच्या नाकाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मॅडमना मी त्याच दुपारी सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वहीतल्या त्या ओळीवर त्यांनी पट्टी धरून एक रेघ मारली, तारीख घातली आणि माझी सही घेतली. लेबलावरचा शब्द बदलू या, एवढंच म्हणाल्या. विज्ञानाच्या बाजूने हिशेब तिथे मिटला. एक आकडा खोडला, एकोणचाळीस राहिले.

संध्याकाळी मी ताईकडे गेले ते सांगायचंच म्हणून गेले. ती आरशासमोर उभी राहून नव्या वेळापत्रकातली गावांची नावं म्हणत होती. स्थानकाने तिला दोनाचे तीन तास देऊ केले होते. तिने मला समोर बसवलं आणि सगळं वेळापत्रक म्हणून दाखवलं, अधूनमधून दम खात. मी संत्री सोलली. रविवारी सांगू, असं ठरवलं. रविवारी तिच्याकडे जुन्या वाहक बाई आल्या होत्या. सोमवारी तिची सकाळची वेळ होती. बुधवारी मी दारापर्यंत जाऊन परत आले. मी रोज स्वतःला सांगत होते की तिचा आनंद मला मोडवत नाही. ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. मला भीती तिच्या तोंडाची वाटत होती. बाटली चुकलेली मी तिला कशी दिसेन, याची.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी मी स्थानकातून जात होते आणि घोषणा मध्येच तुटली. गाडीचं नाव आलं, फलाटाचा नंबर आला नाही, फक्त खोकला आला, तोही सगळ्या कर्ण्यांतून. मी धावत काचेच्या खोलीकडे गेले. तिने हाताने मला थांब म्हणून खूण केली, पाणी प्यायली आणि आधी फलाटाचा नंबर सांगितला.

चार दिवस ती घरीच होती, बरं वाटतंय असं म्हणत राहिली. मी डॉक्टरांकडे चल म्हणाले की म्हणायची, अगं एकतीस नंबर आहे मी, दोन दिवसांत उतरेल. पाचव्या दिवशी तिचे ओठ निळसर दिसले आणि मी दवाखान्याची गाडी बोलावली.

दवाखान्यात सातव्या खाटेवर तिला ठेवलं. नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क. दुपारी डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. तरुण होते, पण बोलायला बरे होते. तिची फुप्फुसं आता एकट्याने चालणार नाहीत, ते म्हणाले. घशातून नळी घालून यंत्राला जोडता येईल. पण जुने व्रण बघता नळीवरून परत सुटण्याची शक्यता जवळजवळ नाही. नळी घातली की बोलता येणार नाही, झोपेचं औषध चालू राहील. नाही घातली तर दोन दिवस, कदाचित तीन, आणि त्रास कमी व्हावा म्हणून औषध देऊ. त्या शुद्धीवर आहेत, त्यांनाच विचारायला हवं, असं म्हणून ते आत आले आणि त्यांनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं.

ताईने मास्क बाजूला केला. "घाला नळी," ती म्हणाली. "माझ्या पुड्या आहेत. थोडा वेळ मिळाला की... त्या निस्तरतील." डॉक्टरांनी गोंधळून माझ्याकडे बघितलं. "हिला विचारा," ताई म्हणाली. "हिनेच मोजल्यात." आणि तशा अवस्थेतही तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्यासाठी केवढं मोठं काही करून ठेवलंय.

डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासात तयारी करतो, आणि गेले.

मी हात मांडीवर घेऊन बसले. त्या दिवशी संत्रीही आणली नव्हती. नाही सांगितलं तर ती आशेत झोपेल, हे मला दिसत होतं. त्यात वाईट काय, असंही वाटलं. पण झोपण्याआधीचे तिचे सगळे शब्द त्या नळीने जाणार होते आणि ते ती एका वासराच्या भरवशावर देऊन टाकत होती. मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं. बाटली, लेबल, मावशी, तिचा फोन, खोडलेली ओळ. मध्ये कुठेही थांबले नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मास्कच्या आत वाफ येत-जात होती. मग तिने विचारलं, "खरा आकडा?"

"चाळिसात शेवटचा."

तिने डोळे मिटले. मला वाटलं संपलं बोलणं. पण तिने परत मास्क सरकवला.

"कधी कळलं तुला?"

"सोळा दिवसांपूर्वी," मी म्हटलं. खोकला यायच्या अकरा दिवस आधी, हेही मीच म्हटलं, कारण ती मोजणारच होती.

"अकरा दिवस," ताई म्हणाली. एक श्वास घेतला. "गाडी रद्द झालेली तुला माहीत होती. आणि मी फलाटावर उभी."

मी तिचा हात धरला. तिने तो ओढून घेतला नाही, पण तिची बोटं माझ्या हातावर वळली नाहीत. मी माफ कर म्हटलं, अनेकदा म्हटलं. ती छताकडे बघत होती.

डॉक्टर तयारी करून आले. ताईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि प्रत्येक अक्षर वेगळं काढत, घोषणेच्या सुरात म्हणाली, "रद्द करा." त्यांनी विचारलं, काय? "नळी," ती म्हणाली.

त्यानंतर ती अडीच दिवस होती. आवाज शेवटपर्यंत होता, बारीक पण स्वच्छ. परिचारिकेला तिने वेळ विचारली, पाणी मागितलं, तिचं गाव कुठलं ते विचारून तिथे कुठली गाडी किती वाजता जाते ते सांगितलं. जुन्या वाहक बाई आल्या तेव्हा त्यांना मफलर देऊन टाकला. नव्या घोषणेवाल्या मुलीला निरोप पाठवला की फलाटाचा नंबर दोनदा सांगत जा. मी सगळा वेळ त्याच खुर्चीवर होते. माझ्याशी ती बोलली नाही.